किती बावखलं पुरेत? भुईगावची तीन दिवसांची मोजदाद

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हे आमच्या घरी दसऱ्याला ठरतं आणि लक्ष्मीपूजनापर्यंत रद्द होतं. त्या वर्षी महाबळेश्वर रद्द झालं. त्याऐवजी मी वसईजवळच्या भुईगावला तीन दिवस जाऊन चिखल मोजून आले. खर्च महाबळेश्वरच्या एका जेवणाएवढा झाला असेल. तुम्हीही असं काही ठरवत असाल तर हा लेख उपयोगी पडेल. तसे कितीजण असतील याचा अंदाज मी बांधलेला नाही.

मी वर्षा, ठाण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सुनंदा माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. ती तुळिंजला राहते, प्राणिशास्त्र शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडीला बसली आहे. तिचा फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते.

"वर्षे, समितीने माझा आराखडा परत पाठवलाय. एकच प्रश्न आहे. नमुन्यांची संख्या कशी ठरवली?"

"कशी ठरवलीस?"

"साठ लिहिलंय."

"का?"

"मागच्या प्रबंधात साठ होते."

"आणि त्याच्या मागच्यात?"

"तेही साठ. म्हणून तर मला वाटलं, काहीतरी असेल त्यात."

नव्या वर्षाच्या आत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. तिचे मार्गदर्शक निवृत्तीला आले होते आणि दुसरे मिळणार नव्हते. हे सगळं तिने अगदी सहज आवाजात सांगितलं. सुनंदाचा आवाज सहज झाला की काळजी करायची असते. मी म्हटलं, जागा बघितल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मग ये." चकली जळाली.

आधी बावखल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळी-नारळाच्या वाड्यांमधून, माणसांनी पूर्वी खणून ठेवलेली तळी आहेत. पावसाचं गोडं पाणी त्यांत साठतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरींना पुरतं. त्या तळ्याला बावखल म्हणतात. काही बावखलं अजून वापरात आहेत. दर उन्हाळ्यात गाळ काढतात, पंप लावून वाडीला पाणी देतात. बाकीची पडीक आहेत. सुनंदाचा प्रश्न असा होता की वापरातल्या आणि पडीक बावखलात राहणाऱ्या बारीकसारीक प्राण्यांचा, म्हणजे गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, पाणविंचू, जळवा या सगळ्या गोतावळ्याचा, समुदाय वेगळा असतो का? प्रश्न चांगला होता. एवढं मला चिखलात न उतरताही कळलं.

पहिला दिवस

ठाण्याहून वसईची एसटी घोडबंदर रस्त्याने जाते. उजवीकडे खिडकीपाशी बसा. गायमुखापासून खाडी दिसते. पुढे पुलावरून खाडी ओलांडली की महामार्ग लागतो. मग ट्रक, मग वालीवचे कारखाने, मग नव्या इमारती आणि त्यांच्यावर फ्लॅट घेण्याचं आवाहन करणारी हसरी कुटुंबं. सकाळच्या गाडीला जागा मिळते. रस्त्याचं काम चालू असेल तर दोन तास धरा. काम चालूच असतं.

वसई रोडच्या एसटी स्थानकावर सुनंदा उभी होती. एका हातात लांब दांड्याचं जाळं, पायाशी रिकाम्या बाटल्यांचा क्रेट. भुईगावच्या गाडीत कंडक्टरने जाळ्याकडे बघून विचारलं, "मासे?"

"नाही. किडे."

"फूल का हाफ?"

सुनंदाने जाळ्याचं तिकीट काढायची तयारी दाखवली. कंडक्टर हसला आणि पुढे गेला.

पापडी मागे पडली, गिरीज आलं, आणि रस्ता असा अरुंद झाला की समोरून रिक्षा आली तर कोणीतरी एकाने मोठेपणा दाखवायचा. दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, कुंपणावर जास्वंद, मध्येच एक पांढरा क्रूस, त्याच्यापुढे ताज्या झेंडूची माळ.

आम्ही मार्था मावशींकडे उतरलो. त्यांची मुलगी सुनंदाची जुनी विद्यार्थिनी; ती लग्न होऊन बाहेर गेली आणि तिची खोली सुनंदाच्या बाटल्यांनी घेतली. मावशी साठीच्या, एकट्या, वाडी स्वतः बघतात. फुलाफुलांचा झगा आणि पायात गमबूट. त्यांनी आम्हाला तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि केळफुलाची भाजी वाढली आणि मला विचारलं, "तुम्ही किड्यांच्या का बाटल्यांच्या?"

"मी आकड्यांची."

"बरं. भात घ्या."

जेवणानंतर कामाला लागलो. मावशींचं बावखल वापरातलं. बांधीव पायऱ्या, स्वच्छ पाणी, एका कडेला पंप. कुंपणापलीकडे त्यांचे धाकटे दीर इनास काका यांचं बावखल. ते कितीतरी वर्षं पडीक. अर्ध्यावर जलपर्णी, कडेने वाकलेली भेंडीची झाडं (भाजीची नव्हे, मोठी सावलीची), पाण्यावर हिरवी साय. सुनंदाचा सारा अभ्यास या दोन तळ्यांवर उभा होता. जाळं एकदा पाण्यातून ओढलं की एक नमुना. तो पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा, प्राणी वेचायचे, बाटलीत भरायचे, नाव लावायचं. दोन वर्षं, पाऊस संपल्यावरच्या मोसमात, इथून साठ आणि तिथून साठ.

मी पडीक बावखलात जाळं ओढून पाहिलं. पहिल्या वेळी माझ्या जाळ्यात भेंडीचं पान आणि माझी एक चप्पल आली. सुनंदाने दोन्ही बाजूला ठेवून पानाखालची गोगलगाय वेचली.

तेवढ्यात पलीकडून इनास काका आले. पासष्टीचे, ताठ, पांढरी बनियन, हाफ पँट. मला वाटलं, परक्या बाईने तळ्यात उतरल्याचं विचारतील. त्यांनी सुनंदाला विचारलं, "अजून किती दिवस?"

"पुढच्या वर्षीपर्यंत, काका."

"पुढच्या वर्षी बावखल नसेल. उन्हाळ्यात भराव टाकतोय. पोराला घर बांधायचंय. लग्न ठरलंय." ते थोडे थांबले. "तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे म्हणून सांगितलं."

सुनंदाच्या हातात ट्रे होता. तो तिने अगदी सपाट धरून ठेवला. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. अगदी सहज आवाजात.

कुंपणाच्या अलीकडे मार्था मावशी केळीची सुकी पानं काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नंतर चहा देताना फक्त म्हणाल्या, "त्याचं भरलं की माझ्या विहिरीचं काय होतं ते बघायचं. पण त्याचं तळं आहे. त्याचा पोरगा आहे."

दुसरा दिवस

रविवार. मावशी चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेल्या. ओटीवर मी, सुनंदा, तिचे दोन वर्षांचे आकडे आणि माझा कॅल्क्युलेटर. मावशींनी सुकेळी ठेवून दिली होती. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. गावात विचारलं तर विकत मिळते. तीन-चार महिने टिकते असं म्हणतात, आमच्याकडे तासभर टिकली.

मी आधी एका तळ्याचे नमुने घेतले. पहिल्या नमुन्यात किती जाती, दुसऱ्याने किती नव्या आल्या, तिसऱ्याने किती. जात म्हणजे प्राण्यांची, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. आलेख सुरुवातीला भराभर चढत होता आणि मग आडवा होत गेला. पाच-सहा नमुन्यांत तळ्यातलं बहुतेक सगळं येऊन जात होतं. पुढचे पन्नास नमुने तेच ते प्राणी पुन्हा पुन्हा भेटायला येत होते. दुसऱ्या तळ्याचंही तेच.

इथपर्यंत आनंद होता. मग मी दुसरं गणित मांडलं, आणि पेन खाली ठेवलं.

एखादी गोष्ट मैत्रिणीला कशी सांगावी हे मला आधी ठरवता येत नाही. म्हणून मी सरळ सांगितली.

"सुनंदा, तुझे नमुने साठ नाहीत."

"मग किती?"

"एक. वापरातलं एक, पडीक एक."

तिने सुकेळीचा तुकडा बशीत परत ठेवला.

"तू दोन तळी बघितलीस. दोघांत फरक आहे, ते खरं. पण तो वापरामुळे आहे, का ही दोन तळी मुळातच वेगळी आहेत म्हणून, ते साठ बाटल्यांतून कळत नाही. सहाशेंतूनही कळणार नाही. एका सुनेला साठ प्रश्न विचारलेस तरी सून एकच."

"दोन वर्षं," सुनंदा म्हणाली.

"हो."

"एकेक बाटली वेचायला तास लागतो, वर्षे. कॉलेज करून, घर करून. आमची पिंकी म्हणते, आईच्या अंगाला फॉर्मलिनचा वास येतो."

ती उठली, चपला घातल्या आणि फाटकातून निघून गेली. फाटक नीट लावून घेतलं. सुनंदा भांडणातही फाटक लावते.

थोड्या वेळाने मी तिच्या मागे गेले. भुईगावचा समुद्र मावशींच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. वाटेत वाड्या संपतात, सुरूची झाडं लागतात आणि मग एकदम करडी, सपाट, ओली वाळू. पाणी लांब गेलं होतं. पोहायला फार कोणी येत नाही, खायला काही मिळत नाही, पाण्याची बाटली बरोबर न्या. सुनंदा एका उलट्या होडीला टेकून बसली होती. मी बाजूला बसले. होडी डांबर लावून वाळत होती, हे आम्हाला दोघींनाही उठताना कळलं.

ती मुठीत वाळू घेऊन सोडत होती. मग ती म्हणाली, "तू फोनवर हे सांगितलं असतंस तर मी फोन ठेवला असता."

"म्हणून आले."

"आता नोंदणी गेली समज."

सांत्वनाऐवजी मला सुचला तो प्रश्न होता. "एक सांग. दोन्ही प्रकारांत किती फरक असला तर तुला तो फरक वाटेल?"

"म्हणजे?"

"दोन-चार जाती इकडच्या तिकडे झाल्या तर?"

"ते काय, दर पावसाला होतं. त्याला फरक नाही म्हणायचं." ती विचार करायला लागली, आणि तिचा आवाज थोडा खडबडीत झाला. मला हायसं वाटलं. "अर्ध्याच्या आसपास समुदाय बदलला, मोठ्या शिकारी अळ्या गेल्या, गोगलगायीच गोगलगायी झाल्या, तर मी म्हणेन, पडीक झाल्याने तळं बदललं."

"मग ते मोठं माप आहे. मोठा फरक पकडायला फार तळी लागत नाहीत. आणि एका तळ्यातून पाच बाटल्या पुरतात."

"कशावरून पाच?"

"तुझ्या दोन वर्षांच्या बाटल्यांवरून. त्या नसत्या तर मला हे कळलंच नसतं. समिती विचारतेय ना, संख्या कशी ठरवली? तुझं उत्तर त्या खोलीत भरून ठेवलंय."

तिने हातावरची वाळू झटकली. मग उठली. मग तिच्या ड्रेसवरचं डांबर आम्हाला दिसलं.

घरी परतलो तर मावशी आल्या होत्या. आणखी बावखलं हवीत हे ऐकताच त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. "निर्मळला माझ्या नणंदेकडे आहे. गासला भाचीकडे. नंदाखालला माझ्या मावसभावाची दोन. वाघोलीला विहिणीकडे..."

"मावशी, फार उपकार," मी म्हटलं, "पण हे तुमच्या नातेवाइकांचं सर्वेक्षण होईल."

"मग? चांगली माणसं आहेत."

"चांगली आहेत म्हणूनच. त्यांची तळीही चांगली असणार. आम्हाला सगळ्या प्रकारच्या माणसांची हवीत."

मावशींना हे पटलं नाही, पण त्यांनी संध्याकाळी तीन-चार जुन्या वाडीवाल्यांना बोलावून घेतलं. चहा झाला. कोणाचं बावखल कुठे, कोणतं चालू, कोणतं बंद, यावर घरच्या बोलीत जोरदार वाद झाला. मला त्यातलं निम्मं कळलं आणि ते निम्मं माणसांबद्दल होतं. पन्नासएक नावं निघाली. चालू तळ्यांच्या चिठ्ठ्या एका पातेल्यात, पडीक तळ्यांच्या दुसऱ्यात. चिठ्ठ्या मावशींनी काढायच्या ठरलं, कारण लग्नाच्या हाउजीत आकडे त्याच पुकारतात.

पडीकच्या पातेल्यातली चौथी चिठ्ठी इनास काकांची निघाली. मावशींनी ती वाचली आणि सुनंदाकडे दिली.

किती लागतील ते ठरायचं होतं, म्हणून दोन्ही पातेल्यांतून पंधरा-पंधरा चिठ्ठ्या काढल्या. चालूच्या पंधरांत मावशींचं नाव आलं नाही.

"परत बघा," त्या म्हणाल्या.

"तसं करता येत नाही, मावशी."

"दोन वर्षं माझ्या तळ्यात जाळं घालताय. जेवायला मी घालते."

"हो मावशी."

"आणि त्याचं निघालं. भरणाऱ्याचं."

रात्रीच्या भाजीत मीठ थोडं जास्त होतं. मी योगायोग मानला.

तिसरा दिवस

सकाळी रिक्षा ठरवली. अर्ध्या दिवसाचे सातशे रुपये, चहा आपला. रिक्षावाला विजय चंदनसारचा. विरार पूर्वेहून इतक्या लांब पश्चिमेला तो एका गिऱ्हाइकाला सोडायला आला होता आणि आमच्या हातात सापडला. पहिल्या तळ्यापाशी त्याने विचारलं, "मॅडम, जमीन घ्यायचीय काय?"

"नाही. तळी बघायचीत."

"तळी? फुकटमध्ये? अरे वा. आमच्या साइडला तर पाइपलाइनचं पाणी पण बघायला मिळत नाही."

त्या दिवशी आम्ही चिठ्ठीत निघालेल्यांपैकी सहा तळी केली. प्रत्येकातून पाच वेळा जाळं, तिथेच ट्रेमध्ये ढोबळ मोजणी. काम असं होतं: एकाच प्रकारची तळी आपसांत किती वेगळी आहेत, याचा अंदाज. तो मिळाला की किती तळी लागतील हे सांगता येतं. कागदावर हे एका ओळीचं काम आहे. प्रत्यक्षात दर तळ्याला एक मालक असतो.

एका ठिकाणी मालक म्हणाले, सरकारी असाल तर नाही आणि नसाल तर का? एका ठिकाणी कुत्रा होता. त्याचा निर्णय आम्ही मान्य केला आणि पातेल्यातली पुढची चिठ्ठी घेतली. राजोडीच्या बाजूला समुद्राजवळ एक म्हातारी आजी होत्या. त्या स्वतः काठापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "घ्या काय घ्यायचं ते. पानी आता मचूळ झालंय. माझ्या लग्नात याच्याच पानीवर जेवन शिजलं होतं." मग आमचं होईपर्यंत त्या उन्हात बसून राहिल्या. उठा म्हटलं तरी उठल्या नाहीत.

दुपारी निर्मळच्या तळ्याकाठी वडापाव खाल्ला. विजय आता ट्रेमध्ये वाकून बघायला लागला होता. पाणविंचू बघून म्हणाला, "याला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी करा."

मार्था मावशींच्या ओटीवर परतल्यावर मी आकडे मांडले. दोनदा केले, मग तिसऱ्यांदा सुनंदाकडून करवून घेतले. प्रत्येक प्रकारची दहा तळी. त्यावर दोन-दोन जास्त, कारण काही मध्येच जातील: कोणी परवानगी काढून घेईल, कोणी भराव टाकेल. चोवीस तळी, प्रत्येकी पाच बाटल्या.

सुनंदाने गुणाकार केला. "एकशेवीस."

"हो."

"साठ आणि साठ एकशेवीसच होते."

"हो. बाटल्या तेवढ्याच. फक्त जरा फिरावं लागेल."

ती हसायला लागली. इतकी, की मावशी आतून बघायला आल्या. मग सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मावशींनी, त्या अजून रागावलेल्या असूनही, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बाय, आता काय झालं?"

"काही नाही, मावशी. गणित सुटलं."

"मग रडतेस काय? जेवून जा."

परतीच्या गाडीसाठी सहाच्या आत वसई रोडला पोचलेलं बरं. माझी गाडी चुकली. पुढची मिळाली. ठाण्याला घरी पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय बघितलं वसईत?" मी म्हटलं, "तळी." त्याने विचारलं, "किल्ला?" मी म्हटलं, "राहिला."

त्यानंतर

समितीने आराखडा मान्य केला. मंजुरीच्या पत्रात कौतुक नव्हतं, शंका नव्हती. सुनंदा म्हणाली, यापेक्षा चांगलं काही ते लिहीत नाहीत. हिवाळाभर ती दर सुट्टीला तळी फिरली. पहिला हप्ता म्हणजे दोन्ही प्रकारांतली निम्मी-निम्मी. इनास काकांचं तळं तिने शेवटी ठेवलं होतं. नवरा स्कूटरवरून नेऊन सोडायचा. पिंकीने एकदा लेबलं लावून दिली, नाक मुरडत.

मार्च लागला आणि एका सकाळी सुनंदाचा फोन आला. इनास काकांनी तिला स्वतः फोन केला होता. आधी कधी केला नव्हता. म्हणाले, "उद्या भरावाच्या गाड्या येतात. तुमचं राहिलंय ना? आज येऊन घ्या."

मी कॉलेजात अर्धी रजा टाकली. कारण घरगुती लिहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा काकांनी जलपर्णी बाजूला सारून काठाकडे वाट करून ठेवली होती. पाणी कमी झालं होतं. सुनंदाने पाच वेळा जाळं ओढलं, पाच बाटल्या भरल्या, आणि झालं. तिचं काम तेवढंच होतं. ती जाळं धुवायला लागली.

काका ट्रेपाशी उकिडवे बसले होते. त्यात अजून काही फिरत होतं: पाण्यावर पळणाऱ्या दोन निवळ्या, चतुराची एक मोठी अळी, कितीतरी गोगलगायी.

"हे सगळे आतमध्ये होते?"

"हो काका."

"एवढे?"

"याच्या कितीतरी पट."

त्यांनी उलटी पडलेली एक गोगलगाय बोटाने सरळ केली. "मी लहानपणी यात पोहायला शिकलो," ते म्हणाले. "मोठा भाऊ शिकवायचा. मार्थाचा नवरा." मग विचारलं, "हे बाकीचे कुठे सोडता येतील?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. अभ्यासातल्या कुठल्याही तळ्यात ते सोडता येणार नव्हते. आकडे बिघडले असते. मी म्हटलं, "मावशींच्या बावखलात चालेल. ते चिठ्ठीत निघालेलं नाही."

"शास्त्राच्या दृष्टीने हेही बरोबर नाही," सुनंदा म्हणाली, आणि बादली आणायला गेली.

मग उरलेल्या वेळात आम्ही तिघांनी जाळं ओढलं. यावेळी मोजलं नाही. काका कंबरेएवढ्या पाण्यात उतरले आणि आम्हाला काठावरूनच सूचना करायला सांगितलं, मग त्या ऐकल्या नाहीत. तळाच्या चिखलातून एक छोटं कासव निघालं. ते कोणत्याही बाटलीत आलं नव्हतं. सुनंदा म्हणाली की तिच्या जाळ्यात कासव येत नाही, तेव्हा ते तिच्या दृष्टीने तिथे नव्हतंच. हे म्हणताना तिने ते ओढणीने पुसलं.

मार्था मावशी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी बादली उचलली, कुंपणातल्या फटीशी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, येऊ का?"

"ये की. तुला कधी विचारावं लागलंय?"

पायऱ्यांवर बसून त्यांनी बादली हळूहळू तिरकी केली. पाण्यात पाणी मिसळलं. कासव जरा वेळ थांबलं, मग गेलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. आता तिथे दुमजली घर आहे, व्हरांड्यात झोपाळा आहे, सून चांगली आहे असं मावशी सांगतात. त्यांच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये पूर्वीपेक्षा खाली जातं. मे महिन्यात पंप अर्धाच तास चालतो. सुनंदाच्या अभ्यासातली आणखी काही पडीक तळी पुढच्या दोन वर्षांत गेली. मी दोन जादा धरली होती. अंदाज कमी पडला, आणि समितीसमोर सुनंदाने तेही सांगितलं. तिचा प्रबंध झाला. पडीक तळ्यांतला समुदाय खरोखर वेगळा निघाला. किती, ते त्यात लिहिलंय.

तुम्ही गेलात तर नोव्हेंबरात जा. पाणी भरपूर असतं आणि हवा बरी असते. वाड्या खाजगी आहेत, विचारल्याशिवाय शिरू नका. विचारलंत तर बहुतेक ठिकाणी चहा मिळतो.

मी मागच्या वर्षी पुन्हा गेले होते, कामाशिवाय. रविवार होता, मिस्सा सुटली होती. मावशींच्या बावखलाच्या पायऱ्यांवर इनास काका चर्चच्या कपड्यांत पाण्यात बघत बसले होते, बूट बाजूला काढून ठेवलेले.

"काही दिसतं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि बसायला जागा करून दिली.